बसची थीम कुठेच मिळत नाही

पिंपरी परिसरातल्या एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या आईचं पत्र आहे. मुलगी जूनच्या शेवटी पाच वर्षांची होईल. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, सासरे सोबत राहतात. वाढदिवस सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये करायचा ठरलाय. वीस मुलं, त्यांचे आई-बाबा आणि घरचे मिळून पन्नासेक माणसं होतील. डेकोरेशनवाल्याने फुग्यांची कमान, मागचा पडदा आणि केकच्या टेबलाची सजावट एवढ्याचेच २२,००० रुपये सांगितले. यांचं खाणं-केक धरून सगळं बजेट २०,००० आहे, म्हणून सामान स्वतःच आणायचं ठरवलं. एक मैत्रीण म्हणते बोहरी आळीत जा. दुसरी म्हणते तिथे धक्के कोण खाणार, ऑनलाइन कॉम्बो मागव. नवरा म्हणतो मॉलमध्ये एका दुकानात काय ते उरकून टाकू. मागच्या महिन्यात शेजारच्या विंगमध्ये युनिकॉर्न थीमचा वाढदिवस झाला आणि प्रत्येक मुलाला नाव छापलेली स्टीलची बाटली मिळाली. ‘आपलं स्वस्तातलं दिसायला नको’ हे वाक्य पत्रात तीनदा आलंय. आणि अगदी शेवटी ताजा कलम: ‘मुलीला विचारलं तर ती म्हणते, मला बसचा वाढदिवस हवा. आजोबांबरोबर पीएमटीने फिरते ना! पण बसची थीम कुठेच मिळत नाही, म्हणून युनिकॉर्नच करतोय. चांगलं आणि स्वस्त सामान नक्की कुठे मिळेल?’

नमस्कार,

आधी आकडेमोड वाचली, मग तो ताजा कलम आला, आणि मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पाच वर्षांच्या मुलीने न अडखळता सांगितलंय की तिला बस हवी. तुम्ही शोधलीत, बसचं पाकीट कुठल्या दुकानात मिळालं नाही, आणि जे पाकीट मिळालं ते तिच्या वाढदिवसाची थीम होऊन बसलं. यात तुमचं काही चुकलं असं नाही, बाजारच तसा बेतलेला आहे. युनिकॉर्न, जंगल, डायनोसॉर, जलपरी, अंतराळ अशा ठरावीक विषयांचे पडदे, टोप्या, प्लेटा आणि केकवर खोचायच्या काड्या एकाच छापात तयार मिळतात, म्हणून अख्खी सोसायटी वर्षभर एकाच वाढदिवसाला जाऊन येते. पीएमटी कुणी छापत नाही. (पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन शहर बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झालं ते २००७ साली, पण तुमच्या सासऱ्यांमुळे चिमुरडीच्या तोंडीही पीएमटीच आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.)

तेव्हा ‘कुठे मिळेल’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. काय हवंय ते ठरलं की दुकानं आपोआप ठरतात.

त्याआधी ती बाटली. स्वस्तातलं दिसायला नको असं तुम्ही तीनदा लिहिलंय, पण कुणाला दिसायला नको ते एकदाही लिहिलेलं नाही. मुलांना? कमान २२,००० ची आहे की घरी केलेली, हे पाच वर्षांच्या पोराला कळत नाही. ती फोडायला कधी मिळणार, एवढंच त्याला कळतं. राहिले आई-बाबा. त्यांच्याही घरी अशा बाटल्या फडताळात पडून आहेत आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्या कुणाची तरी पाळी आहे. एकाने बाटली दिली म्हणून दुसऱ्याने डबा द्यायचा, तिसऱ्याने दप्तर. लग्नातल्या आहेराचं आपण जे करून ठेवलं तेच आता बालवाडीत चाललंय. आमच्या सोसायटीत एका आईने मध्यंतरी ग्रुपवर निरोप टाकला, ‘भेटवस्तू आणू नका, आम्हीही देणार नाही, फक्त खेळायला या.’ दोन दिवस ग्रुपवर शुकशुकाट. मग तिला तीन जणींचे वेगवेगळे फोन आले आणि तिघींनीही हळू आवाजात आभार मानले. तुम्ही इतक्या टोकाला जा असं मी म्हणत नाही. पण तुम्ही ज्या नजरांना घाबरताय त्या नजरा तुमच्याकडे कदाचित सुटकेच्या आशेने बघतायत, एवढं मनात असू द्या.

आता कागद घ्या. येणार पन्नास, पण सामान आणायचंय वीस मुलांचं. मोठ्यांना टोप्या लागत नाहीत (फोटोपुरत्या घालणारे दोन काका प्रत्येक घरात असतात, त्यांना मुलांच्या द्यायच्या). सजवायची भिंत एकच, जिथे केक कापायचा आणि फोटो निघायचे. क्लब हाउसच्या चारही भिंती आणि छत अंगावर घेतलंत की डेकोरेशनवाल्याचा आकडा तेवढा का होतो ते लक्षात येईल. तो लुटतो असं नाही. दोन माणसं तीन-चार तास राबतात, सामानाची ने-आण असते, रात्री सगळं उतरवायचंही असतं. तुम्हाला मदतीला कुणीच नसतं तर मी म्हटलं असतं की नुसती एका भिंतीची कमान त्याच्याकडून करून घ्या, बाकीचं सोडा. पण घरात आजोबा आहेत, मे महिना चालू आहे, हाताशी महिनाभर आहे. आणखी एक, सजावट मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर करा. ती उंची तीन-साडेतीन फूट. आपण सगळं डोक्याच्या वर टांगतो आणि मुलांना दिसतात फक्त टेबलाचे पाय.

२०,००० मधून खाणं आणि केक वेगळे काढले की सजावट आणि भेटी मिळून सहा हजारांच्या आत बसवा. वीस मुलांना प्रत्येकी दीडशेची भेट म्हणजे तीन हजार, उरलेल्या तीन हजारांत एक भिंत, एक टेबल आणि एक बस. होते ती आरामात, कशी ते पुढे सांगते.

बोहरी आळी. तुमची मैत्रीण बरोबर सांगतेय, पण निम्मंच. रविवार पेठेतला हा घाऊक बाजार आहे. गिफ्टचे कागद, रिबिनी, पिशव्या, फुगे, पताका, झिरमिळ्या, स्टेशनरी, पॅकिंगचं सामान, सगळं दाटीवाटीने. तुमच्या कोपऱ्यावरचा दुकानदारही माल भरायला इकडेच येतो. चारचाकी नेऊ नका, हातगाड्या आणि टेम्पो यांच्यात अडकलात तर खरेदीचा उत्साह तिथेच संपेल. तुमची सोय तर झालेलीच आहे, सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो पीसीएमसीहून थेट स्वारगेटपर्यंत जाते. कसबा पेठ किंवा मंडई स्टेशनला उतरा आणि पुढे पायी. पाठीला सॅक, हातात दोन मोठ्या कापडी पिशव्या. शनिवार-रविवारचा मोह टाळा, त्यापेक्षा एक दिवस अर्धी रजा टाका आणि दुकानं उघडता-उघडता पोचा. आणि जे काय ते मेमध्येच. जून लागला की शाळेच्या खरेदीला निम्मं पुणे त्याच भागात असतं, त्यानंतर राख्या, त्यानंतर गणपतीचं डेकोरेशन. दुकान तेच, पण फळीवर पुढे येणारा माल दर महिन्याला बदलतो. जाळीचे पडदे आणि दिव्यांच्या माळा हव्या असणाऱ्यांनी उलट गणपतीच्या आधी जावं, तेव्हा निवडीला वाव जास्त.

तिथे गेलात की पहिला प्रश्न येईल, ‘किती पाकिटं?’ तुम्ही म्हणाल, चार टोप्या कमी पडतायत, सुट्या द्या. उत्तर येईल, ‘पाकीट फुटणार नाही.’ याचा राग मानू नका, घाऊक भाव त्या न फुटलेल्या पाकिटाचाच असतो. म्हणून एकटीने जाऊ नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जिच्या मुलाचा वाढदिवस आहे अशी एखादी सोबत न्या आणि पाकिटं घरी येऊन फोडा. शंभर फुग्यांतले साठ तुमचे, चाळीस तिचे. पहिल्याच दुकानात सगळं घेऊ नका, तीन दुकानं नुसतं विचारत फिरा, मग मागे या. आणि यादीच्या बाहेर जायचं नाही. बोहरी आळीत पैसे वाचतात हे खरं, पण माणूस पैसे वाचवता-वाचवता दुप्पट सामान घेऊन घरी येतो हेही तितकंच खरं. माझ्या माळ्यावर अजून सोनेरी झिरमिळ्यांची दोन पाकिटं आहेत, आणि ज्याच्यासाठी आणली तो मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे.

तिथून आणायचं ते साधं, न छापलेलं. दोन किंवा तीन रंगांचे फुगे, क्रेप कागदाची भेंडोळी, रिबीन, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, आणि फुगे फुगवायचा हातपंप. पंप विसरलात तर तुमच्या नवऱ्याची आणि सासऱ्यांची मला काळजी वाटते. छापील थीमचं काही घेऊ नका. साधा लाल फुगा पुढच्या वर्षीही लाल असतो, युनिकॉर्नच्या टोपीला पुढच्या वर्षी कुणी हात लावत नाही.

ऑनलाइन मागवायला माझी ना नाही, पण कॉम्बोच्या आकड्याला भुलू नका. ‘साठ वस्तूंचा संच’ असं लिहिलेलं असतं आणि त्यात ‘हॅपी बर्थडे’ची इंग्रजी अक्षरं सुटी मोजलेली असतात. ती तेरा होतात, मोजून बघा. रिबीन एक, टेप एक, चिकटवायच्या ठिपक्यांचं पान एक, आणि उरतात ते फुगे. चित्रात फुग्यांनी भरलेली भिंत दिसते, घरी आलेल्या फुग्यांत खिडकीसुद्धा झाकत नाही. फॉइलचा ५ चा आकडा घ्याल तेव्हा त्याची उंची इंचांत वाचा, १६ इंचांचा आणि ३२ इंचांचा आकडा चित्रात सारखाच दिसतो. ऑनलाइनचा खरा उपयोग एखाद्या नेमक्या वस्तूसाठी, जी पुण्यात शोधत फिरावी लागेल. तीही दोन आठवडे आधी मागवा, म्हणजे फुटकी निघाली तर परत करायला वेळ राहतो. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच देणारी ॲप हल्ली मेणबत्त्या, फुगे, काडेपेटी आणून देतात. आयत्या वेळची ती छान सोय आहे, पण यादी त्यांच्या भरवशावर ठेवू नका. पावसाळी संध्याकाळी पाच वाजता ‘सध्या उपलब्ध नाही’ वाचायला कुणालाच आवडत नाही.

मॉलचं एका वाक्यात सांगते, नीटनेटकं आणि गार वाऱ्यात, पण त्या वाऱ्याचे पैसेही आपणच देतो. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला विचारा. तो दोन रुपये जास्त घेईल, पण ‘उरलेलं पाकीट न उघडता परत आणते’ म्हटलं तर बहुतेक वेळा हो म्हणेल, आणि पाकीट फोडूनही देईल. बोहरी आळीतून साठ टक्के, कोपऱ्यावरून तीस, ऑनलाइन दहा, असा माझा अनेक वर्षांचा हिशेब आहे. पण हे टक्के युनिकॉर्नसाठी झाले. बससाठी दुकानच वेगळं.

बसचं मुख्य सामान फुकट मिळतं. तुमच्या भागातल्या फ्रिज-वॉशिंग मशीन विकणाऱ्या दुकानात जाऊन मोठे पुठ्ठ्याचे खोके मागा, आधी सांगून ठेवलं तर राखून ठेवतात. एक मोठा खोका उघडून भिंतीला आडवा टेकवला की बसची बाजू झाली. आजोबांना कटर द्या आणि चार खिडक्या कापून घ्या. त्या खिडक्यांतून मुलं डोकावतील, आणि तोच तुमचा फोटोचा पडदा. चाकांना काळे फुगे किंवा काळ्या कार्डशीटच्या चकत्या, पुढे दोन पिवळे फुगे म्हणजे दिवे. कार्डशीट, पोस्टर कलर आणि जाड मार्कर अप्पा बळवंत चौकातून, म्हणजे पुण्याच्या पुस्तकं-स्टेशनरीच्या बाजारातून, बोहरी आळीच्या त्याच फेरीत. रंगकाम मुलीला करू द्या. वाकडं होईल. होऊ द्या.

आमंत्रण म्हणजे तिकीट. पूर्वी कंडक्टरच्या हातात रंगीत तिकिटांचे गठ्ठे असलेला पत्र्याचा डबा असायचा आणि तो तिकिटाला टिक्-टिक् करत भोक पाडायचा, ते तुमच्या सासऱ्यांना पक्कं आठवत असणार. रंगीत कागदाचे लांबट तुकडे कापा. त्यावर ‘प्रवासी: एक मूल, कुठून: घर, कुठे: क्लब हाउस’, तारीख, वेळ. स्टेशनरीच्या दुकानात एका भोकाचं पंचिंग मशीन मिळतं, दारात उभं राहून आजोबा प्रत्येक तिकिटाला भोक पाडतील. वीस मुलांतली पंधरा तरी दुसऱ्यांदा रांगेत येतील, तेव्हा कोरी तिकिटं जास्तीची ठेवा.

खेळही बसमध्येच आहे. संगीत खुर्ची सगळीकडेच असते, तुमच्याकडे घंटीची खुर्ची. डबल बेल झाली की बस सुटली, मुलांनी पळायचं. सिंगल बेल झाली की थांबा, जागा पकडायची. घंटी घरातली पूजेची नको, सायकलची चालेल. बाद झालेल्या मुलाने कोपऱ्यात बसायचं नाही, त्याने पुढच्या फेरीत बेल मारायची. मग बाद व्हायलाच भांडणं होतात. (मनोरंजनवाल्याचे, जादूगाराचे पैसे यातच वाचले, हे नवऱ्याला सांगा.)

परत-भेट. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत खांद्याला अडकवायची छोटी कापडी पिशवी वीस नगांच्या भावात बघा. सोसायटीत शिवणकाम करणारी कुणी असेल किंवा ओळखीचा बचत गट असेल तर त्यांच्याकडून शिवून घ्या. ती कंडक्टरची पिशवी. आत तिकिटांची एक छोटी वही, रंगीत खडू, आणि एक चिक्की. संपलं. दुसरा पर्याय म्हणजे पुस्तक. अप्पा बळवंत चौकात जाणारच आहात तर मुलांसाठीची पातळ मराठी गोष्टींची पुस्तकं वीस प्रती घेतो म्हणून सवलत मागा, बहुतेक ठिकाणी मिळते. वीसही मुलांना एकच पुस्तक नको, चार-पाच वेगवेगळी घ्या, म्हणजे पुढचे दोन महिने सोसायटीत अदलाबदल चालते. खेळणंच द्यायचं असेल तर १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घ्या. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला त्यातून सूट आहे. सावंतवाडीला कुणी जाणार असेल तर चितार आळीतली लाकडी खेळणी, भाजीपाला-फळं मागवा, त्याची सर कुठल्या प्लॅस्टिकच्या गाडीला नाही. एक गोष्ट मात्र अजिबात देऊ नका, ती म्हणजे लुकलुकणाऱ्या अंगठ्या आणि भिंगऱ्या, ज्यात बटणाएवढी बॅटरी असते आणि तिचं झाकण स्क्रूने बसवलेलं नसतं. ती बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका भाजते. कुणाची ना कुणाची दीड वर्षांची भावंडं तिथे रांगत असणारच.

हे निघालंच आहे तर फुग्यांबद्दलही सांगून टाकते. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा लहान मुलं तोंडात घालतात आणि तो घशात बसतो. म्हणून एका मोठ्या माणसाला फक्त तुकडे वेचायचं काम द्या. वर तरंगणारे गॅसचे फुगे नकोतच. फुगेवाल्याच्या नळकांड्यात हीलियम आहे की हायड्रोजन हे बघून कळत नाही आणि हायड्रोजन पेट घेतो. त्यात तुमच्याकडे औक्षण आहे, निरांजन आहे, केकवर मेणबत्त्या आहेत. तेच त्या फवारून उडवायच्या बर्फाच्या डब्यांचं. त्यातला वायू ज्वलनशील असतो आणि नेमका केक कापतानाच कुणीतरी तो मुलीच्या तोंडावर मारतो. यादीत तो डबा असेल तर आत्ताच खोडा, आणि हौशी काकांनाही आधी सांगून ठेवा.

बंदीचं सामान अजून दुकानात दिसतं, ‘चालतं हो, सगळे नेतात’ असंही सांगतात. महाराष्ट्रात थर्माकोलच्या प्लेटा, वाट्या, पेले यांवर २०१८ पासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभरात जी यादी लागू झाली ती वाचाल तर वाटेल कुणीतरी वाढदिवसाला बसूनच लिहिली आहे. फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, प्लॅस्टिकचे झेंडे, सजावटीचा थर्माकोल, प्लॅस्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावरची आणि आमंत्रणपत्रिकेवरची पातळ फिल्म, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे बॅनर. राज्यात पहिल्या वेळचा दंड ५,००० रुपये आहे, म्हणजे तुमच्या सजावटीच्या पैशांपेक्षाही जास्त. खाण्याला उसाच्या चिपाडाच्या प्लेटा किंवा सुपारीच्या पानांच्या प्लेटा घ्या. त्याहून सोपं म्हणजे सोसायटीच्या गणपतीची स्टीलची ताटं कुणाकडे तरी ठेवलेली असतात, ती मागा आणि धुवायला एका मावशींना पैसे द्या. मुलांच्या बुटक्या खुर्च्या-टेबलं मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात का ते विचारा, वीस मुलं जमिनीवर सतरंजीवर बसली तरी काही बिघडत नाही म्हणा.

तुमच्यासारखीच पत्रं दुसऱ्या गावांहूनही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. मुंबईकरांनी क्रॉफर्ड मार्केटची, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईची इमारत डोळे भरून बघावी, १८६९ ची आहे. पण पार्टीचं सामान, स्टेशनरी आणि पिशव्या बाजूच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर शोधाव्यात. दिव्यांच्या माळांना तिथून जवळच लोहार चाळ आहे. खरी फुलं लावायची हौस असेल तर दादरचा फूलबाजार पहाटे गाठा. झेंडूची तोरणं फुग्यांपेक्षा सुंदर दिसतात आणि कुणाच्या घशात अडकत नाहीत. नागपूरला इतवारी. लहान गावात घाऊक बाजार नसेल तर गणपतीच्या आरासवाल्याकडे जा. वर्षातले दहा महिने त्याचं सामान पडून असतं आणि भाड्याने द्यायला तो खूशच असतो.

शेवटची सूचना तुमच्या सोसायटीपुरती. वाढदिवस झाला की पंप, दिव्यांची माळ, टेबलावरचं कापड आणि कापडी पताका एका पेटीत भरा. कापडी पताका एकदाच शिवून घ्या, जुन्या साड्यांच्या सुंदर होतात. फॉइलच्या आकड्याच्या नळीत स्ट्रॉ घालून हवा काढली की तोही घडी होऊन पेटीत जातो, कागदाचा स्ट्रॉ चालतो. ज्या मुलाचा पाचवा वाढदिवस पुढे असेल त्याला तो ५ जाईल. पेटी कुणाच्या घरी आहे हे ग्रुपवर लिहीत जा. बाटली देणाऱ्या शेजारणीला पहिली संधी द्या, तिचा युनिकॉर्नचा पडदा तिच्याकडे धूळ खात पडलेलाच असणार.

बेकरीत केकची ऑर्डर द्याल तेव्हा चौकोनी केक सांगा. चौकोनी केकवर बस काढायला सोपी जाते, आणि क्रीमच्या चार रेघा आणि दोन चाकं यांचे कुणी जादा पैसे घेत नाही. फक्त बसचा रंग आणि नंबर तुम्ही ठरवू नका. ती आजोबांबरोबर नेहमी कुठल्या नंबरच्या बसने जाते ते तिला विचारा, आणि तोच नंबर खोक्यावर, केकवर आणि तिकिटांवर मोठ्या मराठी आकड्यांत टाका.